नागपूरहून क्रूझला जायचंय? कॉर्डेलिया की सिंगापूरची गेंटिंग ड्रीम, हे ठरवायची आमची पद्धत

आपण झिरो माइलवाले. समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी शेकडो किलोमीटर लांब. पाणी म्हणजे फुटाळा, अंबाझरी, फार तर रामटेकजवळचं खिंडसी. त्यामुळे आम्ही क्रूझला जाणार म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न टाकला, "काहून बाई, पैसे पाण्यात टाकून राहिले?" प्रश्न रास्त होता. दोन महिने आम्ही नुसते फोटो बघत होतो आणि दर रविवारी मत बदलत होतो. यांना सिंगापूर हवं, मला मुंबई सोपी वाटे, मुलांना घसरगुंडी कुठे आहे एवढंच कळायचं आणि सासूबाई म्हणायच्या, "मला कुठंही न्या, पण जिने चढायला लावू नका."

शेवटी पहिल्या वर्षी मुंबईहून कॉर्डेलिया आणि पुढच्या दिवाळीत सिंगापूरहून रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसची गेंटिंग ड्रीम, अशा दोन्ही सफरी झाल्या. आता ओळखीतलं कोणी ना कोणी दर आठवड्याला फोन करतं, "दोन्हीतली कोणती घेऊ?" तेच सगळं एकदा लिहून काढते आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. बहुतेक लोक जहाजाच्या फोटोपासून सुरू करतात आणि पासपोर्टपाशी अडकतात. तुम्ही उलट जा.

१. आधी माणसं मोजा

वही घ्या, जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे चार गोष्टी टाका: वय, पासपोर्ट आहे का आणि कधी संपतो, काय खात नाही, किती चालू शकतो.

आमच्या वहीत सासूबाईंच्या नावापुढे "पासपोर्ट: संपला" असं आलं आणि पहिल्या वर्षीचा निर्णय तिथेच झाला. जहाजाचं वय, घसरगुंडी, बुफे यातलं काहीच विचारात घ्यायची वेळ आली नाही. देशातल्या देशात फिरणाऱ्या सफरीला पासपोर्ट लागत नाही, सिंगापूरला लागतोच, आणि तोही प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असलेला. नूतनीकरण नागपुरातच होतं, पण अपॉइंटमेंट आणि पोलिस पडताळणी धरून हाताशी वेळ ठेवा. क्रूझचे पैसे भरून मग पासपोर्टच्या रांगेत लागू नका.

घरात कोणी गरोदर असेल तर थांबा. चोवीस आठवडे झालेल्या बाईला बहुतेक क्रूझ कंपन्या जहाजावर घेत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचंही तसंच. हे नियम बुकिंगच्या अटींत बारीक अक्षरात असतात. डोहाळजेवणाच्या गडबडीत ते कोणी वाचत नाही.

२. दोन्ही जहाजं एकदा शेजारी उभी करून बघा

कॉर्डेलिया हे कंपनीचं नाव, आमच्या सफरीच्या जहाजाचं नाव एम्प्रेस. हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलं गेलं आणि नॉर्डिक एम्प्रेस या नावाने रॉयल कॅरिबियनकडे चालायचं. २०२१ च्या सप्टेंबरपासून ते कॉर्डेलियाच्या नावाने आपल्याकडे फिरू लागलं. लांबी २११ मीटर, अकरा डेक म्हणजे मजले.

गेंटिंग ड्रीम जर्मनीत बांधलं, २०१६ चं. लांबी ३३५ मीटर, अठरा डेक. रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस ही कंपनी २०२२ च्या जूनपासून ते सिंगापूरहून चालवते.

आता एक छोटा हिशेब शिकून ठेवा, पुढे कुठल्याही जहाजाला लावता येईल. जहाजाच्या माहितीत "ग्रॉस टनेज" असा आकडा असतो. तो वजनाचा नसतो, जहाजाच्या आतली एकूण जागा त्यातून कळते. त्याला एका केबिनमध्ये दोघं धरून होणाऱ्या प्रवाशांच्या संख्येने भागा. एम्प्रेसचे साधारण ४८,५०० भागिले १,६०० म्हणजे तीसच्या आसपास. गेंटिंग ड्रीमचे दीड लाख भागिले ३,३५० म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. आकडा जितका मोठा तितकं माणशी ऐसपैस. शिवाय एका केबिनमध्ये तिघं-चौघं घातले की प्रत्यक्षातला आकडा आणखी खाली येतो, आणि आपल्याकडची कुटुंबं तिघं-चौघंच घालतात.

पण एवढ्यावर लगेच मोठं जहाज निवडू नका. सासूबाईंना एम्प्रेस आवडलं ते लहान असल्यामुळेच. केबिनपासून जेवणाच्या जागेपर्यंत दोन वळणं आणि एक लिफ्ट. गेंटिंग ड्रीमवर मी स्वतः पहिल्या संध्याकाळी पुढचं-मागचं विसरून एकाच लांबलचक पॅसेजमधून तीनदा गेले. गालिचा सगळीकडे सारखा, दारं सारखी. शेवटी मुलीने एका दारावर चिकटवलेला फुगा खूण म्हणून धरला. दुसऱ्या दिवशी तो फुगा कोणीतरी काढला.

३. नागपूर ते बंदर: खरा खर्च आणि खरा त्रास इथे आहे

जाहिरातीतल्या किमती बंदरापासून सुरू होतात. आपली सफर त्रिमूर्तीनगर, मानेवाडा, जरीपटका, जिथे घर असेल तिथून सुरू होते.

मुंबईसाठी: दुरांतो नागपुरातूनच सुटते, रात्री बसून सकाळी सीएसएमटी. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून येते, तीही सकाळी सीएसएमटीलाच पोचवते. सीएसएमटीहून क्रूझचं बंदर, म्हणजे बॅलार्ड पिअर, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. त्याआधी लोक ग्रीन गेटने जायचे, त्यामुळे जुने लेख आणि जुने टॅक्सीवाले तेच सांगतील. तुमच्या तिकिटावर जे गेट छापलंय तेच धरा. दादरला उतरू नका. बॅगा घेऊन दादरचा पूल चढण्यात काही अर्थ नाही, गाडी शेवटपर्यंत जातेच.

गाडीने जाणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला. आठ तासांत मुंबईच्या वेशीवर. पण मग तीन-चार दिवस गाडी कुठे उभी करणार, हे आधी ठरवा.

सापळा: "दुरांतो सकाळी पोचते, जहाज संध्याकाळी सुटतं, मग हॉटेलचे पैसे कशाला?" आम्हीही असंच म्हणालो होतो. मग एका मैत्रिणीने विचारलं, गाडी सहा तास उशिरा आली तर? जहाज ट्रेनसारखं पुढच्या स्टेशनवर पकडता येत नाही. चेक-इनची खिडकी जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते आणि भरलेले पैसे जातात. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर विमानाचाही भरवसा नाही. म्हणून एक दिवस आधी मुंबईत पोचा. फोर्टात राहा, सकाळी निवांत इराणी चहा घ्या.

सिंगापूरसाठी: नागपूरहून थेट विमान नाही. मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरूहून बदलायचं. इथे माझा आग्रह एकच, नागपूर ते सिंगापूर एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात. पण पहिलं विमान लेट झालं की दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. शिवाय मध्ये सामान उतरवून परत चेक-इन करावं लागतं, आणि मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरलं तर टर्मिनल २ ला जायला मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरावं लागतं. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास, आणि तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे रात्रीचं विमान असेल तर झोपेचं खोबरं ठरलेलं. तिथेही एक मुक्काम आधी ठेवा.

सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनलं आहेत: मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. नावं सारखी वाटतात, जागा वेगळ्या आहेत. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ सेंटर" सांगू नका, तिकीट दाखवा.

४. महिना: विदर्भाच्या शाळा आणि अरबी समुद्र

आपल्याकडे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे जूनचे पहिले पंधरा दिवस नागपूरकरांना फुकटचे वाटतात: सुट्टी आहे, ऊन उतरलेलं नाही, कुठेतरी पळावं. पण पाऊस १ जूनच्या सुमारास केरळला टेकतो आणि त्यानंतर दहाएक दिवसांत मुंबईला. अरबी समुद्र तेव्हा खवळलेला असतो. मुंबईच्या सफरीसाठी नोव्हेंबर ते मार्च चांगला. मे महिन्यात समुद्र ठीक असतो, पण लक्षद्वीपच्या वाळूवर दुपारी तुम्हाला आपल्या वर्धा रोडचीच आठवण येईल.

सिंगापूरहून बारा महिने जहाजं सुटतात. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीच्या आडोशात आहे, त्यामुळे पिनांगपर्यंत पाणी सहसा शांत. फुकेत घेणार असाल तर मे ते ऑक्टोबर तिकडचा पावसाळा, तेवढं लक्षात ठेवा. मे-जूनशिवाय ज्यांना सुट्टीच मिळत नाही, त्यांच्यासाठी हा एकच मुद्दा सिंगापूरच्या बाजूने पुरेसा आहे.

५. मार्ग वाचायला शिका

जहाज कुठे थांबतं आणि किती तास, हे दोनच रकाने बघा. बाकी सगळी सजावट.

"अ‍ॅट सी" किंवा "हाय सीज" लिहिलेला दिवस म्हणजे जहाज कुठेच लागत नाही. दोन रात्रींच्या काही शनिवार-रविवारच्या सफरींत पूर्ण वेळ हेच असतं. ज्यांना जहाजच बघायचंय त्यांना ते चालेल, पण "आपण उतरणार कुठे?" असं जहाजावर चढल्यावर विचारणारं एक अकोल्याचं कुटुंब मला भेटलं होतं.

मुंबई-गोवा सफर परतीची आहे की एकतर्फी, तपासा. एकतर्फी असेल तर गोव्याहून नागपूर गाठण्याचा खर्च वेगळा. जहाज मुरगाव बंदराला लागतं, पणजी तिथून तीसेक किलोमीटर. पाच-सहा तासांच्या थांब्यात उत्तर गोव्याचे किनारे करायचा हट्ट सोडा. वास्कोच्या बाजूचं, बोगमाळो वगैरे, निवांत होतं.

लक्षद्वीपला जहाज किनाऱ्याला लागत नाही. समुद्रात उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून अगत्ती बेटावर नेतात. जहाजाच्या पोटातल्या दारातून डुलत्या होडीत पाय टाकायचा असतो. दोन धिप्पाड खलाशी दंडाला धरतात, पण तो एक क्षण गुडघेदुखीवाल्यांनी आधीच विचारात घ्यावा. सासूबाईंनी दारातून खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी इथंच बसते, चहा सांगते." समुद्र खवळलेला असेल तर हा थांबा रद्दही होऊ शकतो, आणि तसा हक्क प्रत्येक क्रूझ कंपनी अटींत राखून ठेवते. नुसत्या लक्षद्वीपच्या पाण्यासाठी जाणार असाल तर मनाची ही तयारी ठेवा. तिथे जायला परमिट लागतं, ते क्रूझकडूनच निघतं, पण कागद ते मागतील त्या तारखेच्या आत द्यावे लागतात.

सिंगापूरकडच्या सफरींत "क्वालालंपूर" लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात जहाज पोर्ट क्लांगला लागतं. तिथून शहर गाडीने तासभर, कधी जास्त. बटू केव्हजची गुहेतली मंदिरं आणि पेट्रोनासचे जुळे मनोरे एका दिवसात होतात, पण घड्याळावर डोळा ठेवून. बटूच्या २७२ पायऱ्या चढायच्या असतील तर मनोरे खालूनच बघा. पिनांग मात्र क्रूझसाठी सोन्यासारखं आहे. धक्का थेट जॉर्जटाउनमध्ये, उतरून चालत जुन्या शहरात. हे शहर २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. लिटल इंडियात गेलो तर तमिळ गाणी लागलेली आणि केळीच्या पानावर जेवण.

६. दर: आकडा तीनदा विचारा

आम्ही पहिल्यांदा एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो तेव्हा त्याने कॅल्क्युलेटरवर माणशी एक आकडा दाखवला आणि आम्ही खूश होऊन बाहेर आलो. घरी आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन आलं ते बरंच फुगलेलं. भांडण नको म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो, तर तिथेही तेच. मग कळलं की दोष कॅल्क्युलेटरचा नव्हता. आम्ही प्रश्नच अर्धवट विचारला होता.

पूर्ण प्रश्न असा: "भाडं, पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी आणि कर धरून चौघांचा एकूण आकडा लेखी द्या." ग्रॅच्युइटी म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी माणशी दर रात्रीचा आकार. काही ठिकाणी तो आधी घेतात, काही ठिकाणी शेवटच्या दिवशी बिलात लावतात. मुलं फुकट अशी ऑफर असली तरी पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी मुलांच्या नावावर सहसा लागतात.

मग त्याच कागदावर खाली हे जोडा: नागपूरहून जाणं-येणं, बंदराच्या गावातला एक मुक्काम, टॅक्सी, सिंगापूर असेल तर व्हिसा, प्रवास विमा, आणि प्रत्येक बंदरावर उतरून फिरायचा खर्च. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंग करतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापतात. ज्याच्या पॅनवर बुकिंग त्याच्या नावाने तो जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून विवरणपत्र भरणाऱ्याच्याच नावाने बुकिंग करा. आमच्या मावसभावाने निवृत्त वडिलांच्या नावाने केलं आणि मग मार्चपासून सीएच्या मागे लागला.

हा पूर्ण कागद झाल्यावर आमच्या लक्षात आलं की सिंगापूरच्या सफरीत जहाजाचं भाडं हा सगळ्यात मोठा खर्च नव्हताच, विमान होतं. मुंबईच्या सफरीत उलटं. म्हणून एकटं-दुकटं असाल आणि विमानाचं तिकीट स्वस्तात हाती लागलं तर सिंगापूर फारसं महाग पडत नाही. सहा-सात माणसांचं कुटुंब असेल तर मुंबईला तोड नाही.

७. केबिन

आतली, खिडकीवाली, बाल्कनीची, सूट. एम्प्रेसवर बाल्कन्या मोजक्या, कारण १९९० च्या सुमारास तशी पद्धत नव्हती. गेंटिंग ड्रीमवर बहुतेक केबिनना बाल्कनी आहे. बाल्कनी हवीच असेल तर हा फरक निर्णायक आहे. नसेल तर आतली घ्या, पैसे वाचवा. दिवसभर केबिनमध्ये बसतं कोण? फक्त आतल्या केबिनमध्ये सकाळ झालेली कळत नाही, आमचा मुलगा दहापर्यंत झोपला.

उलटीचा त्रास असणाऱ्यांसाठी केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर मागा. वरच्या टोकाला हेलकावा जास्त. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. ओवा आणि आलेपाक सासूबाईंच्या पर्समध्ये होताच.

८. जेवण

नागपूरकराला हा मुद्दा खरं तर पहिला. कॉर्डेलियावर जेवण आपल्या वळणाचं: पोळी, वरण, भात, पनीर, नाश्त्याला पोहे-उपमा, जैन जेवण सांगून मिळतं. अर्थात पोह्यांवर तर्री नाही. यांनी पहिल्याच दिवशी पोह्यांच्या भांड्याशेजारी रस्सा शोधला आणि तिथल्या वाढप्याला तर्री म्हणजे काय हे समजावून सांगितलं. तो बिचारा मणिपूरचा, ऐकून घेतलं त्याने.

गेंटिंग ड्रीमवर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे, पण बुफेत शेजारी सगळंच असतं. घरातलं कोणी सोवळ्या मनाचं असेल तर त्यांना आधी कल्पना द्या. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवून घ्या, जहाजावर गेल्यावर सांगणं उशिराचं. सावजीची सवय असलेल्यांना दोन्हीकडचं मटण सौम्यच लागेल.

कशाचे पैसे वेगळे हेही विचारा. मुख्य जेवणघर आणि बुफे भाड्यात धरलेले असतात, खास रेस्टॉरंट, कोल्ड्रिंक, दारू बहुधा नाही. घरून दारू नेता येत नाही, घरचं शिजवलेलं अन्नही नाही. बंद पाकिटातला चिवडा आणि संत्रा बर्फी आमची गेली, पण ते तपासणाऱ्याच्या मर्जीवर.

९. आमचा निष्कर्ष

वयस्कर माणसं, पासपोर्टची भानगड, पहिलीच वेळ, मोठं कुटुंब, हिवाळा: कॉर्डेलिया. रुपयांत बिल, हिंदी बोलणारे लोक, दुखलं-खुपलं तर दोन दिवसांत घर.

आठ ते सोळा वयाची मुलं, बाल्कनीची हौस, उन्हाळ्याची सुट्टी, आणि परदेश बघायचाच असेल तर: गेंटिंग ड्रीम. घसरगुंड्या आणि दोरांवरून चालायचा खेळ यांत मुलं दिवसभर अडकतात. तीन रात्रींच्या सफरीला सिंगापूरचे दोन-तीन दिवस जोडा, नाहीतर एवढं विमान करून तीनच रात्री हा आतबट्ट्याचा व्यवहार.

नवीन लग्न झालेल्या जोडप्यांनी मला विचारू नये. आम्ही दोन्ही वेळा सासूबाई किंवा मुलं घेऊन गेलो, मला त्यातलं काही माहीत नाही.

१०. कागदपत्रं

मुंबईहून देशांतर्गत सफरीसाठी:
- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.
- मुलांचंही. तान्ह्याचा जन्मदाखला.
- वेब चेक-इन करून काढलेला बोर्डिंग पास आणि बॅगेचे टॅग, छापलेले.
- लक्षद्वीप असेल तर परमिटसाठी मागितलेले कागद.

सिंगापूरसाठी:
- सहा महिन्यांवर मुदत असलेला पासपोर्ट.
- सिंगापूरचा ई-व्हिसा, तो अधिकृत एजंटमार्फत निघतो. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ३५ बाय ४५ मिलिमीटर. फोटोवाल्याला "सिंगापूर व्हिसा" एवढं सांगितलं तरी बहुतेकांना कळतं.
- एसजी अरायव्हल कार्ड: पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. हे फुकट असतं. पैसे मागणारी संकेतस्थळं हुबेहूब सरकारी दिसतात, त्यांना फसू नका.
- परतीचं विमान तिकीट, हॉटेल बुकिंग, प्रवास विमा. विम्यात क्रूझ आणि समुद्रातून रुग्ण हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा. जहाजावरचा डॉक्टर महाग असतो आणि आपला मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही.

सिंगापूरचा मोठा सापळा: जहाज मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरता. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे का ते त्यावर वाचा, आणि अरायव्हल कार्ड परत येतानाही भरायचं असतं. मलेशिया-थायलंडचे भारतीयांसाठीचे व्हिसा नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललेत. बुकिंगच्या वेळी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासा.

११. बॅग, आणि जहाजावरचा पहिला नि शेवटचा दिवस

इस्त्री, विजेची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, सुरी हे सगळं काढून घेतात. सासूबाईंची अडकित्ता गेली, परतताना पावती दाखवून मिळाली.

मोठी बॅग टर्मिनलवरच घेतात आणि ती संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येते. म्हणून औषधं, चष्मा, पोहायचे कपडे, कागद हे सगळं हातातल्या पिशवीत. क्रेडिट कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी सुरू करा, जहाजावर ओटीपी येणार नाही.

जहाज सुटताच मोबाइल एअरप्लेन मोडवर. किनारा सुटला की फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर साध्या रोमिंगचे नसतात. आमच्या एका नातेवाइकाने क्रिकेटचा स्कोअर बघितला. बिलाचा आकडा तो अजून बायकोला सांगत नाही.

पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते, सात छोटे आणि एक लांब भोंगा. कंटाळा करू नका, तुमची जमायची जागा कुठे आहे ती पायांनी जाऊन बघा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या रात्रीतून खाली जातात आणि सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. उद्या सकाळी काय घालायचं ते बाजूला काढून मगच बॅग बाहेर ठेवा. आमच्या पहिल्या सफरीत यांनी मोठ्या शिस्तीने रात्री दहाला सगळं भरलं, चेन लावली, बॅग बाहेर ठेवली आणि झोपले. सकाळी उठून बघतात तर अंगावर बर्मुडा, आणि एकुलती एक पँट बॅगेत. बॅलार्ड पिअरला उतरताना सासूबाई दोन पावलं मागे चालत होत्या, आपला नि त्यांचा काही संबंध नाही अशा बेताने.